आजीच्या घरी नळ होता

"क्लच, डॉक्टर, क्लच! तो पाय तुमचाच आहे ना?"

"माझाच आहे मॅडम, पण ऐकत नाही."

"मग भूल देऊन काढून टाका तो. ब्रेक! ब्रेक!"

दातांच्या डॉक्टरांना ब्रेक सापडेपर्यंत तिने आपल्या बाजूचा दाबलेला असायचा. गाडी शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तोच हिच्या संसाराचा आधार. खरं नाव ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो? शिकून गेलेले, शिकत असलेले आणि नापास होऊन परत आलेले, सगळे तिला ब्रेकबाई म्हणायचे. गल्लीतली पोरं तर ती दिसली की जागच्या जागी थांबायची.

या ब्रेकबाईने एक पुस्तक लिहिलं होतं. परीक्षेच्या मैदानाबाहेर गाडी लावून, आत गेलेला शिकाऊ पास होतोय की फाटक तोडतोय याची वाट बघताना, शेजारच्या सीटवर बसून लिहिलं. फ्रेंचमध्ये लिहिलं, कारण दुसरी भाषा तिला येतच नव्हती. आई याच शहरातली, आईची आई पलीकडच्या रस्त्यावरची, घरात बोलायचे ते फ्रेंचच. बाप तेवढा समुद्रापलीकडून आलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा. बापाची भाषा तिला येत होती ती फक्त लिफ्ट अडकल्यावर तो जी बोलायचा तेवढी, आणि ती छापण्यासारखी नव्हती.

पुस्तकात काय होतं? नवऱ्याच्या मागे त्याची गाडी विकवेना म्हणून सत्तरीत गाडी शिकलेली बाई होती. एकमेकांशी बोलत नसलेले दोन सख्खे भाऊ होते, ते एकाच गाडीत शिकायला आले होते. "मी गाडी शिकवणार" असं मुलीने सांगितल्यावर ताट भिंतीवर फेकणारा बाप होता. म्हणजे जे तिने बघितलं ते होतं. लिहिणाऱ्याने आणखी काय करायचं असतं?

प्रकाशकाकडच्या संपादकबाईंनी तिला बोलावून घेतलं. कचेरी छोटी, जमिनीपासून खिडकीपर्यंत बाडं रचलेली, एका बाडावर कॉफीचा कप ठेवून ठेवून गोल डाग पडलेला. तो डाग आपल्याच बाडावर नाही ना, हे ब्रेकबाईने बसायच्या आधी बघून घेतलं.

"फार आवडलं मला," संपादकबाई म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. "पण तुम्ही यात कुठे आहात?"

"प्रत्येक पानावर. गाडीत. डावीकडे बघा, आरशात बघा म्हणून ओरडतेय ती मीच."

"तसं नाही हो. तुमची मुळं कुठे आहेत?"

"मुळं म्हणजे?"

"तुमचे वडील कुठून आले, त्यांचं गाव, तिथली माणसं. वाचकाला ती ओढ लागते. दोन संस्कृतींमध्ये उभी असलेली बाई, हे पुस्तकाचं बळ आहे, आणि तेच नेमकं पुस्तकात नाही."

"मी दोन संस्कृतींमध्ये उभी नाही. मी चौकात उभी असते, सिग्नलला."

संपादकबाई हसल्या. हसून त्यांनी बाड परत दिलं. एक प्रकरण लिहा, म्हणाल्या, वडिलांच्या गावी परत गेल्याचं. ब्रेकबाई म्हणाली की मी कधी गेलेच नाही, मग परत कशी जाऊ? तर म्हणाल्या, मनाने जा.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही बाई उगाच आकांडतांडव करते. त्या शहरातल्या पुस्तकांच्या दुकानात दोन फळ्या होत्या. एकीवर लिहिलेलं 'फ्रेंच साहित्य'. दुसरीवर 'फ्रेंच भाषिक साहित्य'. भाषा दोन्हीकडे एकच, व्याकरण एकच, छापखाना एकच. मग फरक काय? पहिल्या फळीवर घरचे, दुसरीवर पाहुणे. बाप बोटीतून उतरला असेल तर लेक इथल्या इस्पितळात जन्मली काय, इथल्या शाळेत मार खाऊन शुद्धलेखन शिकली काय, तिचं पुस्तक दुसऱ्या फळीवर. आणि पाहुण्याने हात हलवत यायचं नसतं, काहीतरी घेऊन यायचं असतं. ते काहीतरी म्हणजे हे प्रकरण.

चिडली ती. बरेच दिवस चिडून घरीच राहिली. पण बाड कपाटात पडून राहिलं की माणसाला झोप येत नाही, हे लिहिणाऱ्यालाच कळतं. बापाला विचारायचं, तर तो पहिल्यापासून एकच वाक्य बोलायचा, "तिथलं तिथे राहिलं." तेवढं बोलून पाना उचलायचा. विचारलंच नाही तिने. त्या दुसऱ्या फळीवरची चार पुस्तकं आणून वाचली. चारही पुस्तकांत एक आजी होती, आजीला भेगाळलेले हात होते, आणि जवळच एक विहीर होती. एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ब्रेकबाईने आपलीही आजी विहिरीवर पाठवली. अनवाणी. डोक्यावर हंडा. वाटेत एक झाड टाकलं. नातीने दोर ओढला, पाण्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि तिला कळलं की आपण कोण.

ब्रेकबाईला काय कळलं होतं? भात शिजायला ठेवला होता तो खाली लागला, एवढंच.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर विहीर. दुकानात दुसरी फळी. आणि कौतुक कशाचं, तर त्या एका प्रकरणाचं. सत्तरीतल्या बाईबद्दल कोणी चकार शब्द काढीना. एका मासिकाची मुलाखतवाली बाई थेट गाडीत येऊन बसली, खाली बघितलं, आणि तिचे डोळेच पाणावले.

"दोन ब्रेक! एकाच गाडीत! म्हणजे दोन भाषा, दोन मातृभूमी, आणि मध्ये तुम्ही..."

"मध्ये हँडब्रेक आहे," ब्रेकबाई म्हणाली. "आणि दुसरा ब्रेक शिकाऊ माणसाने भिंतीवर गाडी घालू नये म्हणून आहे हो. त्यात काही नाही."

हेसुद्धा छापून आलं, 'लेखिकेचा मिश्कील नम्रपणा' म्हणून. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या.

दातांचे डॉक्टर तर भर वळणावर म्हणाले, "मॅडम, विहिरीचं वाचलं. रडलो मी."

"रस्त्याकडे बघा."

"तुमची आजी डोळ्यांपुढून हलत नाही."

"डोळ्यांपुढे खांब आहे डॉक्टर! खांब!"

या सगळ्यात एकच माणूस गप्प होता, तो म्हणजे बाप. सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर तो मुलीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये टेबलामागच्या खुर्चीत बसायचा, फोन घ्यायचा आणि उशिरा येणाऱ्यांना झापायचा. स्वतःला गाडी येत नव्हती. "खालीवर जायचं ते वाहन खरं, आडवं काय कोणीही जातो," असं म्हणायचा. पुस्तक आल्यापासून त्याने ते टेबलावर उभं करून ठेवलं होतं, दाराकडे तोंड करून. पण वाचलं नव्हतं. मुलीचं काय वाचायचं, ती रोज तोंडासमोर ओरडतच असते!

वाचलं त्याच्या पत्त्यांच्या अड्ड्यावरच्या टपालवाल्याने. हा बापाच्याच मूळ शहरातला, पोस्टातून निवृत्त झालेला, जिभेला हाड नसलेला माणूस. त्याने भर डावात पुस्तक काढलं आणि विहिरीचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. मग चष्म्यावरून बघून म्हणाला, "काय रे, आपल्या बंदराच्या चौकात विहीर कधी खणली? मी निघाल्यावर का?" सगळे टेबल बडवून हसले. दुसरा म्हणाला, "हंडेवालीचा मुलगा आला, त्याला जागा द्या." त्या दिवसापासून अड्ड्यावर त्याचं नाव हंडेवाला पडलं.

दुसऱ्या दिवशी टेबलामागची खुर्ची रिकामी. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. फोन वाजून वाजून थांबायचा. एक शिकाऊ दुसऱ्याच्या वेळेला येऊन बसला आणि दोघांची जुंपली. शेवटी आईचा फोन आला. "इकडे ये. तुझा बाप तीन दिवस माझ्याशीसुद्धा धड बोलत नाही, आणि मी तर पुस्तकात नाहीच आहे."

ती गेली तर बाप जेवणाच्या टेबलावर गजराचं घड्याळ खोलून बसलेला. मान वर नाही.

"तिला सांग," तो बायकोला म्हणाला, "माझी आई विहिरीवर गेली नव्हती."

"ती समोर बसलीय, तोंडाने सांगा."

"तिला सांग, माझी आई बंदराच्या कचेरीत टायपिस्ट होती. नखांना रंग लावायची. टाचांचे बूट घालायची. आणि हिने तिला अनवाणी काढली घराबाहेर!"

"अनवाणी जरा जास्तच झालं गं," आई हळूच म्हणाली.

"घरात नळ होता! रात्रंदिवस पाणी! इमारतीला लिफ्ट होती, जाळीच्या दाराची. चौथा मजला आमचा. लोक काय म्हणतात माहितेय? बिचारा, कुठून आला आणि कुठे पोचला. अगं, मी लिफ्टमधूनच आलो! दुरुस्तीला मेस्त्री यायचा त्याच्या मागे उभा राहून शिकलो सगळं. इथे उतरलो तेव्हा मला शिकायचं काही बाकीच नव्हतं."

"मग सांगायचं ना कधीतरी!" ब्रेकबाईचाही आवाज चढला. "इतकी वर्षं एकच टेप, तिथलं तिथे राहिलं, तिथलं तिथे राहिलं!"

"तू विचारलंस?"

"विचारू कशी? तुम्ही लगेच पाना उचलता!"

दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच दोघंही जास्त भडकले.

"आणि ताट फेकलं ते लिहिलंय, त्याचं काही नाही तुम्हाला?"

"ताट मी फेकलं होतं," बाप शांतपणे म्हणाला. "खऱ्याचा राग कशाला येईल?"

आईने मध्येच कपाळाला हात लावला. "मला एक सांगा, माझ्या आईचं प्रकरण कोणीच कसं मागितलं नाही? चाळीस वर्षं खाटकाच्या दुकानात गल्ल्यावर बसली. अख्ख्या रस्त्याला दरारा तिचा. ही तिच्यावर गेलीय, तोंड बघा ना. पण नाही! अर्धी मुलगी माझी आहे, ती अर्धी कुणाला नकोच!"

बापाने घड्याळ जुळवलं. एक स्क्रू उरला. तो मुलीकडे सरकवत म्हणाला, "ती विहीर निघेपर्यंत मी त्या खुर्चीत बसणार नाही. लोक फोनवर आवाज ओळखतात."

दुसऱ्या आवृत्तीची तयारी चालूच होती. ब्रेकबाई तडक संपादकबाईंकडे गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "विहीर काढा."

"काढू? अहो, शाळांच्या पाठ्यपुस्तकात जातंय ते प्रकरण!"

"खोटं आहे ते."

"साहित्यात खरं-खोटं असं नसतं. भावना खरी आहे."

"कुणाची भावना? माझ्या आजीच्या घरी नळ होता!"

"पण वाचक त्या विहिरीत स्वतःला बघतो."

"मग बघू दे ना त्याने घरच्या आरशात! साहित्यात खरं-खोटं नसतं तर तुम्हाला विहीरच का लागते? मला चौथ्या मजल्यावर राहू द्या."

संपादकबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. खरं लिहून आणा. चांगलं झालं तर बदलू."

आता खरं मिळवायचं कुठून? घरात बाप बोलेना. मग तिने त्याला गाडीत घातलं, शेजारी बसवलं आणि शहराबाहेरच्या रिंगरोडवर गाडी फिरवत ठेवली. माणूस समोर बघत असला की बोलतो, हे तिला धंद्यातून माहीत होतं. पहिली फेरी गप्प. दुसऱ्या फेरीला म्हणाला, गिअर उशिरा टाकतेस. तिसऱ्या फेरीला लिफ्ट आली. जाळीचं दार पितळेच्या मुठीचं होतं. तळमजल्यावरची म्हातारी लिफ्टला घाबरायची आणि लिफ्टने जाणाऱ्यांना स्वतःचे निरोप वर न्यायला लावायची. त्याची आई कामावरून आली की वर येणाऱ्या लिफ्टच्या आवाजावरून पोराला कळायचं, कारण ती बटण दाबून धरायची, सोडायचीच नाही. सांगताना त्याने मजला दोनदा बदलला, चौथ्याचा पाचवा केला, आणि तिने चूक दाखवली तर उलट तिच्यावरच खेकसला, "माझं घर आहे की तुझं?"

तिने लिहिलं. खरंच चांगलं उतरलं. पाठवलं. संपादकबाईंचा फोन आला.

"सुंदर झालंय. एकच विनंती आहे. लिफ्ट बंद पडलेली दाखवता येईल का?"

"का?"

"म्हणजे आजी जिना चढतेय. दमलीय. हातात काहीतरी..."

"हंडा?"

"हंडाच असं नाही हो. काहीतरी जड."

"लिफ्ट चालू होती."

"तसं मग ते कुठल्याही शहरातलं वाटतं. आपल्याच शहरातलं वाटतं."

"तेच तर म्हणतेय मी! पहिल्या पानापासून तेच म्हणतेय!"

संपादकबाई म्हणाल्या, की असं असेल तर विहीर राहू दे, तीच बरी. म्हणतात ना, इकडे आड तिकडे विहीर. हिच्या नशिबात आडाच्या जागीही विहीरच. ब्रेकबाई म्हणाली, "मग पुस्तकच राहू दे." दुसऱ्या आवृत्तीला तिची सही लागत होती. तिने सही केली नाही. हळूहळू दुकानांतल्या प्रती संपल्या, आणि दुसऱ्या फळीवर तिच्या जागी दुसरं कोणीतरी आलं. मुखपृष्ठावर झाड होतं.

तिला वाटलं, चला, निदान एक भांडण मिटलं. आईला तसं फोनवर सांगितलंही.

तासाभरात बाप स्कूलच्या दारात हजर, कोटाची बटणं वरखाली लागलेली. आत दातांचे डॉक्टर आपल्या पाळीची वाट बघत बसले होते, ते उगाचच उठून उभे राहिले.

"बंद केलंस? पुस्तक बंद केलंस?"

"विहीर निघत नव्हती बाबा. मग काय करू?"

"मी अड्ड्यावर सगळ्यांना सांगून बसलोय की नव्या पुस्तकात लिफ्ट येतेय! टपालवाल्याला मी पितळेच्या मुठीचं वाचून दाखवणार होतो!"

"तुम्हीच म्हणालात ना, विहीर निघेपर्यंत..."

"निघेपर्यंत म्हणालो. बुडवून टाक म्हणालो का? ती सत्तरीतली बाई, ते दोघे भाऊ, ती काय माझ्या आईबरोबर पाण्यात गेली? वाचलंय मी सगळं. तीन वेळा."

याने वाचलं? कधी वाचलं? पण ते विचारायला तोंड उघडलं तेव्हा ब्रेकबाई इतकी चिडलेली होती, की भलतंच बाहेर आलं. "धरलं तर चावता, सोडलं तर पळता! आता काय करू मी, मला सांगाच! ती बाई म्हणते लिफ्ट बंद पाडा. पाडू?"

"खबरदार!" बाप ओरडला आणि सवयीने टेबलामागच्या खुर्चीत जाऊन बसला. सवयीनेच फोन पुढे ओढला. "नंबर दे तिचा."

"बाबा, असं होत नसतं."

"नंबर दे. अख्ख्या शहराच्या लिफ्ट चालवल्यात मी. एक बाई नाही समजावता येणार?"

तिने नंबर दिला, कारण आता नाही म्हणायचीही ताकद उरली नव्हती. बापाने एकेक आकडा दाबला, खाकरला, आणि पाठ ताठ करून म्हणाला, "नमस्कार. तुमच्या त्या विहिरीवरच्या बाईचा मुलगा बोलतोय."

डॉक्टर खाली बसले.

"हो, जिवंत आहे. मी. ती नाही. नाही नाही, रागावलो नाही. रागावलोय, पण ते नंतर. पाणी? नळाचं. होय. लिफ्ट चालू होती. रोज. एकदाही बंद पडली नाही असं नाही म्हणत मी, लिफ्टच ती, पण पडली तर मेस्त्री यायचा. मग? मग चालू व्हायची! त्यात दुःख कसलं?"

ब्रेकबाईला रिसिव्हरमधून संपादकबाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग बापाने रिसिव्हरवर हात ठेवला.

"विचारतेय, तुमची आई त्या लिफ्टमध्ये उभी राहून काय विचार करत असेल?"

"मला काय माहीत बाबा. सांगा तुम्हीच."

तो खिडकीबाहेर, रस्त्यात तिरक्या लावलेल्या शिकवणीच्या गाडीकडे बघत राहिला. कपाळाला आठ्या घातल्या. रिसिव्हरवरचा हात काढला.

"विचाराचं मला माहीत नाही. बोलायची ते सांगतो. वर पोचली की मला म्हणायची, दार नीट ओढ. उघडं राहिलं की लिफ्ट हलत नाही, आणि खाली कोणीतरी ताटकळत बसतं." मग दरडावून, "लिहून घेताय ना?"